सात तुळयांमधलं ऊन पाणी

या, असे पुढं सरका. दाराशी उभं राहून ऐकलेली गोष्ट अर्धी वाऱ्यावर जाते, आणि ही तर जवळ बसूनच ऐकायची आहे. हिच्यात कीर्तन आहे, सुतारकाम आहे, ऊन पाण्याचा एक नळ आहे आणि एक वजनदार गृहस्थ जमिनीवर आपटल्याचा आवाजही आहे. दत्तगुरूंनी घडवली तशी सांगतो, पदरचं फारसं घालत नाही.

साल २००५. आमची वाडी जयगडच्या वाटेवर. वाडीत दत्ताचं देऊळ, आणि देवळाला लागून धर्मशाळा. खाली मोकळा सोपा, वर फळ्यांची माडी. दत्तजयंतीच्या उत्सवात सात दिवस रोज संध्याकाळी या माडीवर कीर्तन होतं. दीडशे माणूस मांडीला मांडी लावून बसतं. माडीच्या पश्चिम टोकाला एक खोली आणि छोटी न्हाणी. कीर्तनकारांनी उतरायचं ते तिथं. मी पेटीच्या साथीला असतो, त्यामुळे सगळं अगदी पुढच्या रांगेतून पाहिलेलं आहे.

कीर्तनाला येत सावर्ड्याच्या गंगाताई. बाईंनी सत्तरी गाठलेली, अंगानं काडी. पण कपाळी बुक्का लावून, चिपळ्या घेऊन उभ्या राहिल्या की ती काडी कुठल्या कुठं जाई. आख्यान रंगात आलं की अशी गिरकी घेत, की माझी पेटी मागून धापा टाकत यायची. मागच्या एकोणीस वर्षांत त्यांचा एकही उत्सव चुकला नव्हता.

त्या वर्षी मात्र महिनाभर आधी त्यांचं कार्ड आलं. उत्सव समितीचे अध्यक्ष केरूभाऊ, म्हणजे हातखंब्याचे भुसार दुकानवाले, त्यांनी ते सगळ्यांपुढं वाचलं. "गुडघ्यांना सकाळ-संध्याकाळ ऊन पाण्याचा शेक लागतो, त्याशिवाय दोन तास उभं राहवत नाही. तुमच्या बंबाच्या धुरानं गेल्या वर्षी तिसऱ्या दिवशीच गळा बसला, तो सर्वांनी ऐकलाच. खालून बादल्या वर आणताना तुमच्या स्वयंपाकघरातली बिचारी चिमा जिन्यात भाजली, ते मला पुन्हा बघायचं नाही. धुरावाचून आणि कुणाला न भाजता पाणी वर येणार असेल तर कळवा. नाहीतर यंदापासून मला रजा द्या."

विजेचा गीझर लावावा, तर भारनियमन नेमकं सकाळी आणि संध्याकाळी. दुसरे कीर्तनकार बघू, असं म्हणायची कुणाची छाती झाली नाही. मला तर त्या रात्री जेवण गेलं नाही.

मग वाडीच्या मुंबईकर मंडळींनी उन्हावर पाणी तापवणारा सोलर पाठवला. धर्मशाळेच्या पूर्वेला नवीन स्वयंपाकघर आहे, त्याच्या स्लॅबवर घडवंची उभारून तो बसवायचा. टाकी उंचावर, न्हाणीतला नळ खाली, म्हणजे पाणी आपसूक येणार. अडचण एवढीच, की टाकी पूर्वेला आणि न्हाणी पश्चिमेला. मधे अख्खी माडी. आणि माडी उभी होती सात तुळयांवर. ऐनाच्या लाकडाच्या, आठ-आठ इंच उंचीच्या, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बारा फूट आडव्या टाकलेल्या.

कामाला अकबर आला. खाडीकडच्या मोहल्ल्यातला, उमेरचाचांचा मुलगा. बारा वर्षं बहारीनला पाइप जोडून परतलेला, आता हातखंब्याच्या तिठ्यावर त्याचं नळजोडणीचं दुकान. त्यानं पाइप कुठून न्यायचा ते बघायला सुरुवात केली आणि एकेक वाट बंद होत गेली.

"बाहेरून भिंतीला फिरवला तर?" मी विचारलं.

"दुप्पट लांब होईल, मास्तर. वाऱ्यावर पाणी निवणार. ताईंच्या गुडघ्यांना काय, सरबत पाजायचंय?"

"मग तुळयांच्या खालून?"

यावर केरूभाऊ कडाडले, "पालखी कुठून न्यायची मग? सोप्यात पालखी नाचते तेव्हा छत्राचा कळस तुळईला आत्ताच चाटून जातो. खाली दोन बोटं काही लोंबलेलं चालायचं नाही."

वर फळ्यांवरून न्यावा तर तिथं माणसं बसणार. राहिली एकच वाट. पाइप तुळयांच्या पोटातून न्यायचा.

आता केरूभाऊंनी काय केलं ऐका. आमच्या देवळात एक रीत आहे. जे काही देवाचं, ते मूर्तीच्या समोर सरळ रेघेत. समई रेघेत, पालखी रेघेत, वर माडीवर कीर्तनकाराची जागासुद्धा बरोब्बर त्याच रेघेत. केरूभाऊंच्या मनानं घेतलं की गंगाताईंचं पाणीही त्याच रेघेतून जावं. अकबर सामान आणायला गेला तेवढ्यात त्यांनी शिडीवर चढून सातही तुळयांवर खडूनं खुणा केल्या. सगळ्या अगदी मधोमध. चौथ्या तुळईवर मात्र खूण आली ती थेट लाल पुरचुंडीवर. तुळया चढवताना मुहूर्ताची हळकुंड-सुपारी फडक्यात बांधून तिथं ठोकलेली होती.

तेवढ्यात धाकू मेस्त्री आले. अडुसष्ट वर्षांचे, कानावर पेन्सिल, तोंडात पान. या तुळया त्यांच्या वडिलांनी घडवलेल्या, आणि धर्मशाळेचं लाकूडकाम तेव्हापासून त्यांच्याच घराकडे. अकबरही मागोमाग पोचला. मेस्त्रींनी खुणा बघितल्या आणि पानाची पिंक टाकायचंही विसरले.

"कोण भोकं पाडतोय माझ्या तुळयांना?"

"काका, सलाम. मी अकबर, उमेरचा..."

"वळखलंय तुला. नळ जोड, टाकी जोड, काय जोडायचं ते जोड. लाकडाला हात लावशील तर बघ. माझ्या बापानं तासल्यान ह्या. दीडशे माणूस वर बसतंय, मेल्या. वाळवीनं केलान नाय ते तू करणार?"

केरूभाऊ मधे पडले. "धाकू, तुझंही खरं, त्याचंही खरं. मी सांगतो तसं करू. भोकच पाडायला नको. तुळईच्या खालच्या अंगाला नुसती खाच मारायची, पाइप खाचेत बसवायचा. पुरचुंडीला धक्का नाही, पालखीला अडचण नाही."

मेस्त्री पुरचुंडीकडे बघत राहिले. देवाचं नाव आलं की त्यांची जीभ जड व्हायची. "खाच म्हणजे... वरवरची असंल तर..." असं काहीतरी ते पुटपुटले.

"नाही जमणार," अकबर म्हणाला.

आम्ही सगळे त्याच्याकडे बघायला लागलो. धंदा करायला आलेला माणूस कामाला नाही म्हणत होता!

"केरूभाऊ, कापायची सगळ्यात वाईट जागा तुम्ही शोधलीत. तुळईची मधोमध आणि तिथंही खालचं अंग. बहारीनला एका साहेबांच्या वसाहतीत लाकडी जमिनीचे बंगले होते. मी नवीन होतो, अशीच खालून खाच मारली. महिनाभरात जमीन झोपाळ्यासारखी झाली. फोरमननं मला अख्खी जमीन उचकटून परत करायला लावली, आणि नोकरीही गेली. ते पाप एकदा केलंय, देवाच्या घरी परत करणार नाही. हवं तर दुसरा माणूस बघा."

मेस्त्रींनी पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. आले होते अकबरशी भांडायला, आणि हा पोरगा तर त्यांच्याच तुळयांच्या बाजूनं भांडत होता.

केरूभाऊंना मात्र पटेना. "उगाच घाबरवतोस. एवढंसं लाकूड काढलं तर काय होतंय?"

"दाखवू?"

अकबरनं अंगणातून पोफळीच्या दोन सारख्या रिपा आणल्या. दोन पाट मांडून त्यांच्यावर एक रीप उभी धारेवर टेकवली, पडू नये म्हणून दोन्ही टोकांना विटा लावल्या. तिला मधोमध खालून करवतीनं खाच मारली. "आता हिच्यावर कुणीतरी भार द्या."

"मी देतो," केरूभाऊ म्हणाले. भुसाराच्या दुकानात बसून बसून त्यांचा देह कसा झाला होता हे वाडीला ठाऊक होतं. रिपेवर आडवी फळी टाकली, केरूभाऊंनी धोतर सावरलं, आणि ते बसले.

म्हणजे बसले असं म्हणायचं. रीप कडकन मोडली आणि अध्यक्ष फळीसकट खाली! उंची वीतभर, लागलं काहीच नाही, पण सोप्यातली भांडी वाजली. स्वयंपाकघरातून चिमा धावत आली. "काय पडलं?"

"अध्यक्षपद," धाकू मेस्त्री म्हणाले.

हसून हसून आमची पुरेवाट झाली. केरूभाऊसुद्धा धूळ झटकत हसले. मग अकबरनं दुसरी रीप घेतली. तिला खाच नाही. उंचीच्या बरोबर मध्यावर, पण टोकापासून पाव भाग आत, एक भोक पाडलं. ती पाटांवर ठेवली. केरूभाऊ आता फळीकडे बघायलाही तयार नव्हते. शेवटी मेस्त्री स्वतः बसले. मग मीही त्यांच्या शेजारी बसलो. रीप जरा लवली आणि तशीच राहिली.

मेस्त्री उठले, त्यांनी रिपेवरून हात फिरवला. मग म्हणाले, "भार आला का वरचं अंग दबतं. खालचं ताणतं, म्हणून फाटतं ते खालून. मधल्या गाभ्याला ना दाबणं, ना ताणणं. माझ्या हाताला ठाऊक होतं हे. तोंडानं कधी बोललो नव्हतो."

"बरोबर काका. आणि भिंतीच्या अगदी जवळही भोक नको, तिथं तुळई टेकलेली असते. तुळईच्या मध्यावरही नको, तिथं ती सगळ्यात जास्त वाकते. भिंतीपासून तीन फुटांवर घेऊ. आठ इंचाची तुळई आहे, भोक दोन इंचाच्या आतच ठेवू."

"तीन फुटांवर म्हणजे पुरचुंडी सुटली की रे!" केरूभाऊंचा चेहरा उजळला. "पण देवाची रेघ?"

"भाऊ," मेस्त्री म्हणाले, "आंघोळीचं पाणी देवासमोरून न्यायचं कुणी सांगितलान तुम्हाला? बाजूनं जाऊदे की लाजून."

तर असं ठरलं. पण मेस्त्रींनी एक अट घातली. भोकं तेच पाडणार, विजेच्या यंत्रानं नाही, आपल्या गिरमिटानं. अकबरनं सुतळी ताणून खुणा केल्या. प्रत्येक पुढची खूण केसभर खाली, म्हणजे पाइपला उतार राहतो आणि आत हवा अडकत नाही. मेस्त्री शिडीवर चढले. तासभरात एक तुळई. गिरमिटातून निघालेला भुसा ते खिशात टाकत होते, जमिनीवर पडू देत नव्हते.

पाइप जोडला त्या दिवशी तर जत्राच. एवढा लांब पाइप दोन भिंतींच्या मधे वळवणार कसा? अकबरनं पूर्वेच्या भिंतीतला एक चिरा हळूच काढला, आणि त्या भोकातून बाहेरून पाइप आत सरकवायला आम्ही दहा जण लागलो. पालखी उचलतात तसा तो खांद्यावर घेतला होता. आतून मेस्त्री ओरडायचे, "हळू! दुसरी गाठली! हळू, मेल्यांनो, तिसरी!" सातव्या तुळईतून पाइपचं टोक न्हाणीकडे बाहेर आलं तेव्हा कुणीतरी चक्क दिगंबराचा गजर केला. पाइपची ऊब टिकावी म्हणून अकबरच्या बायकोनं, सुरय्यानं, काथ्या आणि जुन्या लुगड्यांच्या पट्ट्या शिवून दिल्या होत्या, त्या वरून गुंडाळल्या. आमच्या नळाला असे जरीचे काठपदर मिळाले.

गंगाताई उत्सवाच्या आदल्या दिवशी आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीतला नळ सोडला आणि आतून त्यांचा आवाज आला, "अगंबाई, हे तर चहाला चालेल!" मंगलस्नान करून त्या बाहेर आल्या तेव्हा चालण्यात ठणका नव्हता. खाली चौघडा वाजत होता. माझा जीव भांड्यात पडला.

पण गोष्ट इथं संपत नाही. पहिल्या दिवसाचं कीर्तन. संध्याकाळी गुडघे शेकून गंगाताई उभ्या राहिल्या. माडी खचाखच. नमन झालं, पूर्वरंगाला सुरुवात झाली. ताई निरूपणात शिरल्या, श्रोते डोलायला लागले, आणि तेवढ्यात पायाखालून आवाज आला.

टक्.

थोड्या वेळानं पुन्हा. टक्. टक्.

पेटीवरचा माझा हात थांबला. आवाज फळ्यांच्या खालून येत होता. बायकांच्या बाजूनं कुणी म्हणालं, "तुळई बोलतेय गो." दुसरी म्हणाली, "भोकं पाडल्यानी ना!" झालं, माणसं उठायला लागली. केरूभाऊ हात वर करून उभे राहिले. त्यांना परवाचं आपटणं आठवलं असणार. "सगळे सावकाश खाली चला! कीर्तन आजपासून मांडवात!"

मांडवात म्हणजे उघड्यावर, थंडीत, कर्ण्यावरून. गंगाताईंचे गुडघे आणि गळा ते एक दिवससुद्धा सोसणार नव्हते हे मला कळत होतं, ताईंनाही कळत होतं. ताई चिपळ्या छातीशी धरून उभ्या राहिल्या फक्त.

तेव्हा खांबाजवळ बसलेले धाकू मेस्त्री उठले. कान लालबुंद झालेले. "बसा सगळी. लाकूड नाय ते. पाइप बोलतोय."

"तुला काय ठाऊक?" केरूभाऊ ओरडले.

"मला नाय तर कुणाला?" मेस्त्रींचा आवाज खाली गेला. "सातव्या तुळईला मी भोक बारीक पाडलंय. अकबर बोलला होता, पाइप तापला का वाढतो, निवला का आखडतो, त्याला जागा पायजे. सहा तुळयांना दिली. सातवी पोखरताना हात चालंना माझा. शेवटची तुळई ती. बाप ती चढवताना शिडीवरनं पडला होता, त्यानंतर त्यानं हत्यार धरलान नाय. म्हटलं हिचं थोडं तरी लाकूड राखावं. मी लबाडी केली. आता पाणी निवतंय, तर पाइप घासतोय नि टकटकतोय."

सगळे उभेच. विश्वास ठेवावा की जिना गाठावा, कुणाला उमजेना.

"असं करा," मेस्त्री म्हणाले, "तुम्ही वर बसा. मी खाली जातो, त्या सातव्या तुळईच्या खालीच उभा राहतो. कीर्तन संपेस्तोवर. मोडली तर आधी माझ्या डोक्यात पडंल."

आणि ते जिना उतरायला लागले. सोप्यातून अकबरचा आवाज आला. तो तिथंच खाली, दाराशी ऐकत बसला होता. "काका, थांबा. मीपण येतो. भोक मोकळं करताना पट्ट्या सोडायला माणूस लागेल."

फळीच्या फटीतून आम्ही वाकून बघितलं. खाली शिडी लावून दोघं त्या तुळईखाली उभे. मेस्त्रींच्या हातात लाकूड कोरायची अरुंद पटाशी, अकबरच्या हातात विजेरी.

सगळ्यांत आधी चिमा बसली. मग तिच्या शेजारची. मग एकेक करून सगळी माडी बसली. केरूभाऊ शेवटी बसले, अगदी हळूच, तळहातांनी फळी चाचपत.

गंगाताईंनी डोळे मिटले. खालून टक्, टक् चालूच होतं. त्यांनी चिपळ्या उचलल्या आणि त्याच टकटकीवर ठेका धरला. "मंडळी," त्या म्हणाल्या, "आज मला खालूनही साथ आहे. एक ताल धरणारा आणि एक दिवा धरणारा." आणि तिथून जो पूर्वरंग उचलला म्हणता! मी पेटीवर कसा पोचलो मला कळलं नाही. हळूहळू टकटक विरळ झाली. मग थांबली. मेस्त्रींनी भोक मोकळं केलं होतं, अकबरनं आत काथ्या भरला होता. तरी दोघं वर आले नाहीत. शब्द दिला होता ना, संपेस्तोवर.

मध्यंतराला कीर्तनकाराला हार घालतात, बुक्का लावतात. केरूभाऊ हार घेऊन पुढं आले. ताईंनी मान मागं घेतली. "आधी खाली द्या." हार खाली गेला. धाकू मेस्त्रींनी तो गळ्यात घालून घेतला नाही. शिडीवर चढून सातव्या तुळईला बांधला, आणि ताटातलं गुलाबाचं फूल अकबरच्या कानामागं खोचलं. अकबर म्हणाला, "काका, हसतील लोक." मेस्त्री म्हणाले, "हसूदे. अध्यक्षांना हसले ते तुला सोडतील?"

त्या उत्सवात गंगाताई सातही दिवस उभ्या राहिल्या, आणि पुढं आणखी चार वर्षं आल्या. सोलर अजून चालतो. माडी अजून लवलेली नाही. धाकू मेस्त्री मात्र त्यानंतर तिसऱ्या पावसाळ्यात गेले. मूल-बाळ नव्हतं, मागं नाव घेणारं कुणी नाही. म्हणून तुम्हाला एवढंच सांगणं आहे. कधी आमच्या माडीवर कीर्तनाला आलात तर पश्चिमेच्या अंगाला, सातव्या तुळईवर बसा. बसताना हात जोडाल, तेव्हा दत्तगुरूंच्या पाठोपाठ धाकू मेस्त्रींचं नाव एकदा मनात घ्या. आपली चूक चारचौघांत सांगून ते आमच्यासाठी खाली उभे राहिले होते. विसरू नका त्यांना.